तालिमखाना म्हणजे मखाना नव्हे! तळ्याकाठच्या काटेरी कोळसुंद्याची गोष्ट

काष्टौषधीच्या दुकानात जाऊन 'तालिमखाना द्या' म्हटलं, की दुकानदार तांबूस-तपकिरी रंगाच्या बारीक, चपट्या बिया पुडीत बांधून देतो. हेच नाव मोबाइलवर शोधलं, तर बऱ्याचदा पांढरे, हलके, लाहीसारखे फुललेले मखाने समोर येतात. मग एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर फॉरवर्ड होतात आणि बाळंतिणीच्या लाडवांसाठी एक आणायला गेलेला माणूस दुसरंच घेऊन येतो.

या दोन वेगळ्या वनस्पती आहेत, अगदी वेगळ्या कुळांतल्या.

मखाना हा कमळ-कुमुदिनीसारखा पाण्यात वाढतो. त्याची गोल, काटेरी पानं तळ्याच्या पाण्यावर पसरतात आणि एकेक पान मीटरभरापेक्षाही मोठं होतं. तळाच्या चिखलातून त्याच्या बिया गोळा करायच्या, वाळवायच्या, भाजायच्या आणि गरम असतानाच फोडायच्या, तेव्हा कुठे आतून पांढरी लाही निघते. भारतातला बहुतांश मखाना बिहारमधून येतो. 'मिथिला मखाना'ला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बिहारसाठी मखाना बोर्डाची घोषणा झाली, तेव्हापासून तर त्याचा बोलबाला आणखी वाढला.

तालिमखाना मात्र आपल्या घराजवळच असतो. तळ्याच्या काठावर, ओढ्यालगतच्या दलदलीत, भातखाचराच्या बांधावर, रस्त्याकडेच्या पाणी साचणाऱ्या चरात. मराठीत त्याला कोळसुंदा किंवा कोळशिंदा म्हणतात. संस्कृतात तो कोकिलाक्ष, म्हणजे कोकिळेच्या डोळ्यासारखा. बियांच्या तांबूस रंगावरून हे नाव पडलं असं मानतात. बंगालमध्ये तो कुलेखाडा. तिकडे त्याचा पाला भाजीबाजारात जुडी बांधून विकला जातो, आणि रक्त कमी असलेल्यांना त्याचा रस देण्याची घरोघरी पद्धत आहे.

शास्त्रीय नाव हायग्रोफिला ऑरिक्युलाटा. हायग्रोफिला म्हणजे ओलावा आवडणारी. जुन्या पुस्तकांत ॲस्टेराकँथा लाँगिफोलिया असं नाव सापडेल, तीही हीच. सतराव्या शतकात केरळच्या वनस्पतींवर लिहिल्या गेलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथात ती तिथल्या स्थानिक नावाने आहे. त्या नावातल्या 'वयल' या मल्याळम शब्दाचा अर्थ भातशेत. म्हणजे कोळसुंदा कुठे शोधायचा, हे नावातच सांगून ठेवलंय.

ओळखायचा कसा?

ही अडुळसा, अबोली, कोरांटी आणि कारवी यांच्या कुळातली वनस्पती. कमरेएवढी उंची, सरळ उभं, थोडं चौकोनी, केसाळ खोड आणि त्यावर ठरावीक अंतराने फुगीर पेरं. खरी खूण याच पेरांवर आहे. प्रत्येक पेरावर खोडाभोवती साधारण सहा पानांचं कडं असतं. त्यातली बाहेरची दोन लांब, आतली आखूड. प्रत्येक पानाच्या बगलेत एक पिवळसर, टोकदार, सरळ काटा. याच कड्यात जांभळी-निळसर फुलं दाटीने येतात. फुलाला दोन ओठ असतात आणि खालच्या ओठावर पिवळी खूण. पावसाळा सरता सरता फुलं यायला लागतात आणि हिवाळाभर दिसत राहतात. काठावर चार-पाच झाडं एकत्र फुललेली असली, की लांबूनही जांभळा पट्टा कळतो. तोडायला हात घालाल तर मात्र काटा आपली ओळख करून देतो.

हे काटे गुरांपासून बचावासाठी. तळ्याकाठी सगळं चरून झालं, तरी कोळसुंदा उभा असतो तो यामुळेच.

फुलांवर भुंगे आणि मधमाश्या येतात, पण पानांचे खरे गिऱ्हाईक म्हणजे फुलपाखरांच्या अळ्या. इंग्रजीत ज्याला पीकॉक पॅन्सी म्हणतात, ते पंखांवर मोराच्या पिसासारखे डोळे असलेलं केशरी फुलपाखरू या झाडावर अंडी घालतं. काठावरचं हे 'तण' उपटलं, की त्याच्या अळ्यांचं खाणंही जातं.

चिकटण्याची करामत

तालिमखान्याच्या चार बिया तोंडात टाकून बघा. क्षणात त्या बुळबुळीत होतात आणि टाळूला अशा चिकटतात, की जिभेने काढता काढता नाकी नऊ येतात. बियांवर अतिशय बारीक केसांचं आवरण असतं. पाणी लागताच ते फुगतं आणि त्याचा चीक तयार होतो. सब्जा आणि अळिवाचंही असंच होतं. ओल्या काठावर राहणाऱ्या झाडाला हे सोयीचंच, कारण चिकट बी चिखलाला धरून राहतं, सहज वाहून जात नाही.

दुकानातला तालिमखाना खरा आहे का, याची पहिली घरगुती चाचणी हीच. पण केवळ चिकटपणावर जाऊ नका, कारण चिकटणाऱ्या बिया इतरही आहेत. रंग आणि आकारही बघा. आणि कोरड्या बिया चमचाभर घेऊन पाण्याशिवाय गिळू तर अजिबात नका. त्या घशातच फुगल्या तर अडकू शकतात. आधी दुधात किंवा पाण्यात भिजवा.

औषध म्हणून किती खरं?

आयुर्वेदात या वनस्पतीची नोंद जुनी आहे. चरकसंहितेत 'इक्षुरक' या नावाने ती शुक्रशोधन करणाऱ्या द्रव्यांत येते. लघवी साफ होण्यासाठी, अंगावरची सूज उतरण्यासाठी आणि ताकदीसाठी तिचा वापर सांगितलेला आहे. आधुनिक काळात मूत्रल गुण, यकृताचं रक्षण अशा दाव्यांची तपासणी झाली, पण ती मुख्यतः उंदरांवर. उंदरावर दिसलेला परिणाम माणसात तेवढाच दिसेल असं नसतं, त्यामुळे 'किडनी साफ', 'पंधरा दिवसांत ताकद' छापाचे रील बघताना एवढं लक्षात ठेवा. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल किंवा किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढे-चूर्णं नकोत.

खाण्यातला वापर जास्त साधा आहे. बिया दुधात भिजवून खीर करतात, डिंकाच्या किंवा मेथीच्या लाडवात घालतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते. कांदा, लसूण, मिरची एवढं पुरतं. मात्र शहराचं सांडपाणी येणाऱ्या नाल्याकाठचा पाला खुडू नका, तिथल्या पाण्यात काय काय मिसळलंय ते कोण सांगणार?

काठ उरला तर कोळसुंदा उरेल

कोळसुंदा दुर्मीळ नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. भातशेतकऱ्याला तो तणच वाटतो आणि त्याचं काही चुकत नाही, कारण खाचरात काटेरी झाड कुणालाच नको असतं. प्रश्न तळ्यांचा आहे. त्याला खोल पाणी नको आणि कोरडी जमीनही नको. पावसाळ्यात बुडणारी, दिवाळीनंतर हळूहळू उघडी पडणारी चिखलाची उतरती पट्टी हवी. शहरातल्या तलावांचं 'सुशोभीकरण' करताना नेमकी हीच पट्टी आधी जाते. काठाला उभी सिमेंटची भिंत, वर फरशी, बाकडी, दिवे. पाणी थेट भिंतीला भिडतं आणि मधला काठच नाहीसा होतो. लव्हाळे जातात, कोळसुंदा जातो, चिखलात चोच खुपसून खाणं शोधणारे पाणपक्षीही जातात.

जिथे भिंत नाही, तिथे बाहेरून आलेल्या झाडांची गर्दी होते. पाण्यावर जलपर्णी, काठावर बेशरम. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. विदर्भातल्या जुन्या मालगुजारी तलावांमध्ये तर बेशरम काढून टाकणं, हे तलाव सुधारण्याच्या कामातलं एक मोठं काम असतं. ती हटवताना देशी झाडंही सरसकट जेसीबीखाली येऊ नयेत, म्हणून काठावरची झाडं आधी ओळखता यायला हवीत. सोपी खूण अशी: बेशरमीला काटे नसतात आणि फुलं मोठी, फिकट गुलाबी, कर्ण्यासारखी असतात. कोळसुंद्याची फुलं लहान, जांभळी, खोडाला बिलगलेली आणि काट्यांच्या पहाऱ्यात.

उन्हाळा लागला की झाड वाळतं आणि काटे आणखी कडक होतात. बिया हव्या असतील तर हीच वेळ: जाड हातमोजे घालून झाड कापायचं आणि कापडावर झोडपायचं. काही झाडं मात्र तशीच उभी ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीसाठी चिखलात बी पडेल.