केरकचरा आणि गावची वेस

झाशीच्या जुन्या तटाला जे दरवाजे आहेत, त्यांपैकी एकाचे नाव खंडेराव दरवाजा. १८५४ साली संस्थान खालसा होईपर्यंत या तटाच्या आत नेवाळकर या मराठी घराण्याचा कारभार चालला. आता वस्ती तट ओलांडून दूरवर पसरली आहे. परंतु पूर्वी अशा दरवाजाच्या आत शहर आणि बाहेर खेडी, ही विभागणी स्पष्ट असे. केरकचऱ्याविषयीचे नियमही दीर्घकाळ वेशीच्या आतच राहिले.

असे नियम आपल्याकडे फार जुने आहेत. रस्त्यावर केर टाकणारास अष्टमांश पण आणि चिखलपाणी तुंबविणारास पाव पण दंड करावा, राजमार्गावर तो दुप्पट घ्यावा, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. हा दंड घाण करणाऱ्यावर आहे. मात्र तो नगरासाठी आहे.

खेड्याला त्याची निकड भासली नाही. शेण, राख, पालापाचोळा, खरकटे हाच तेथील केर. तो उकिरड्यावर कुजे आणि खत होऊन शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण त्याच व्यवहारातून आली. परंतु ज्याचे खत करता येत नव्हते, त्याचे काय? मेलेली गुरे ओढून नेणे, चावडीची झाडलोट करणे ही कामे महार वतनदारांच्या माथी मारलेली होती. मोबदला तुटपुंजा आणि नकाराची मुभा नाही. म्हणजे सक्ती खेड्यातही होतीच. फक्त ती घाण करणाऱ्यावर नसून उचलणाऱ्यावर होती. ही वेठ संपावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही वतने नष्ट करणारा कायदा झाला तो १९५८ सालचा.

त्याच सालच्या ग्रामपंचायत कायद्याने गावची स्वच्छता पंचायतीकडे सोपविली. तत्पूर्वी १८८९ सालीच मुंबई इलाख्यात ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला होता. पण कायद्यापेक्षा लोकांच्या मनावर अधिक ठसला तो गाडगेबाबांचा खराटा. दिवसा गाव झाडावा आणि रात्री कीर्तनात गावकऱ्यांना त्याचा जाब विचारावा, ही त्यांची रीत. केर काढण्याचे काम कोणा एका जातीचे नाही, हे त्यांनी करून दाखविले. २०००-०१ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.

दरम्यान उकिरड्याचे स्वरूप पालटले. प्लास्टिक, काच, औषधांची वेष्टने कुजत नाहीत. त्यांचे पांग बारा वर्षांनीही फिटत नाहीत. केंद्र सरकारचे २००० सालचे घनकचऱ्याचे नियम नगरपालिकांपुरतेच होते. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घराला कचरा वेगवेगळा करून देण्याचे व शुल्क भरण्याचे बंधन घातले, आणि जनगणनेत नगर ठरलेल्या गावांच्या पंचायतींनाही त्यांत ओढले. नियमाने अखेर वेस ओलांडली.

तरीही दंडाच्या पावतीने गाव स्वच्छ होत नाही. नेण्यास गाडी नसेल आणि टाकण्यास जागा नसेल, तर घरोघरचा कचरा ओढ्यातच जातो. गोळा करणाऱ्यास पुरता पगार आणि हातमोजे मिळाले नाहीत, तर जुनी वेठच नव्या नावाने परत येते. घराने वेगळे करावे, पंचायतीने न्यावे आणि उचलणाऱ्याने मानाने जगावे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच सक्तीला न्यायाचे रूप येते.