दोन सूर्योदयांचे उड्डाण : पर्थ ते श्रीलंका, १९४३

#थ्रेड

पर्थहून लंडनला आज विनाथांबा जाता येते. अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर, वेळ साधारण १७ तास. मार्च २०१८ मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले. मात्र त्याच पर्थहून १९४३ साली निघणारे एक विमान याच्या निम्म्याहूनही कमी अंतरासाठी २७ ते ३३ तास आकाशात राहत असे.

महायुद्धापूर्वी सिडनी-लंडन हवाई प्रवासाला नऊ-दहा दिवस लागत. समुद्रावर उतरणारी विमाने मुक्काम करीत, सिंगापूर, कलकत्ता, कराची असे टप्पे घेत जात. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि ही साखळी मधोमध तुटली. पाठोपाठ जावाही जपानच्या ताब्यात गेले. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांच्यातील हवाई टपाल थांबले.

उरला तो हिंदी महासागर. पर्थच्या स्वान नदीपासून श्रीलंकेतील गाल शहराजवळच्या कोग्गला सरोवरापर्यंत सुमारे ५,६५० किलोमीटर, वाटेत उतरायला जागा नाही. १९४३ च्या मध्यास क्वांटास कंपनीने कॅटालिना जातीच्या विमानांनिशी ही सेवा सुरू केली. कॅटालिनाचा वेग ताशी जेमतेम २०० किलोमीटर. गणित इथेच स्पष्ट होते.

एवढे इंधन मावावे म्हणून विमानातील अनावश्यक ते सारे काढून टाकले गेले. तरीही ते नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जड होऊनच पाण्यावरून उठे. पहिल्या काही तासांत दोहोंपैकी एक इंजिन बंद पडले असते, तर इंधन समुद्रात ओतून देण्यावाचून गत्यंतर नव्हते. इतक्या खटाटोपाने काय नेले जाई? फक्त तीन प्रवासी आणि सुमारे ६९ किलो टपाल. पण त्या टपालात लष्करी व सरकारी कागद असत. त्यांचे मोल वजनावर ठरत नव्हते.

विमानात शस्त्र नव्हते. जपानी विमानांच्या पल्ल्यातील पट्टा अंधारातच ओलांडावा, अशी वेळेची आखणी असे. रेडिओवरून बोलण्यास मनाई. शत्रूने ऐकले तर ठावठिकाणा उघड. त्यामुळे मार्ग शोधायचा तो ताऱ्यांवरून, सेक्स्टंट हाती घेऊन. पाच विमानांना नावेही ताऱ्यांचीच होती : अल्टेअर, व्हेगा, रायजेल, स्पायका, अँटारेस. म्हणजे आपले श्रवण, अभिजित, राजन्य, चित्रा आणि ज्येष्ठा!

चोवीस तासांहून अधिक काळ हवेत राहिल्याने प्रवाशांना दोन सूर्योदय दिसत. उतरल्यावर त्यांना ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा’चे सदस्यत्व बहाल करणारे प्रमाणपत्र मिळे. गुप्त मंडळाचा लेखी पुरावा प्रवाशाच्याच हाती द्यावा, यातली गंमत देणाऱ्यांना बहुधा ठाऊक असावी.

जुलै १९४५ पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या. एकही विमान गमावले गेले नाही. सर्वांत लांबलेली फेरी ३२ तास ९ मिनिटांची. नियमित विमानसेवेत विनाथांबा उड्डाणाला एवढा वेळ त्यानंतर कधीच लागलेला नाही.

विमाने अमेरिकेच्या ‘लेंड-लीज’ करारातून आलेली होती. युद्ध संपल्यावर ती परत करावीत, किंमत मोजावी अथवा नष्ट करावीत, एवढेच पर्याय होते. पाचही विमाने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात नेऊन बुडवण्यात आली.