सकाळी सव्वाआठची मीटिंग

मंडळी, या शनिवारी जरा स्वयंपाकघराचा इतिहास.

8 जानेवारी 1940 ला ब्रिटनमध्ये लोणी, बेकन आणि साखर रेशनवर गेली. एप्रिलमध्ये लॉर्ड वूल्टन अन्नमंत्री झाला. मूळचा राजकारणी नव्हे, डिपार्टमेंट स्टोअर्स चालवणारा माणूस. त्यामुळेच असेल, पण "अन्न वाया घालवू नका" एवढं सांगून भागत नाही, आज काय शिजवायचं तेच सांगावं लागतं, हे त्याच्या खात्याला नेमकं कळलं होतं.

म्हणून बीबीसीवर 'किचन फ्रंट' सुरू झालं. सकाळी सव्वाआठला, पाच मिनिटं. वेळ बघा हं! बायका पिशवी घेऊन बाजाराला निघायच्या आधी. जे मुबलक आहे (बहुतेक वेळा बटाटे नि गाजरं!) त्याचं काय करायचं, बटाटा सालासकट का उकडायचा, भाज्या शिजवलेलं पाणी सूपला कसं वापरायचं, असं सगळं. शिवाय पत्रकं, पेपरातल्या जाहिराती, बाजारात व्हॅन उभी करून प्रात्यक्षिकं. आठवड्याला माणशी साधारण 2 औंस लोणी (जेमतेम 57 ग्रॅम), तेवढाच चहा आणि एखादं अंडं! एवढ्यात सात दिवस काढायचे तर बेत आधीच ठरवायला हवा. आपल्या भाषेत, रिक्वायरमेंट आधी, खरेदी मग.

अर्थात 1940 पासून अन्नाची नासाडी हा गुन्हाही होता. शिकवणीचं श्रेय किती आणि धाकाचं किती, हे सुटं काढणं कठीण. आणि हे वाचताना 1943 चं बंगाल डोक्यातून जात नाही. लंडनमध्ये लोणी औंसात तोललं जात होतं, आणि त्याच साम्राज्यात लाखो माणसं भुकेने मरत होती. त्यांना कसला बेत आणि कसली नासाडी?

असो. 4 जुलै 1954 ला रेशनिंग संपलं. पुढे 2008 साली 'रॅप' या संस्थेने घरोघरचा कचरा तपासून हिशोब मांडला, तर विकत घेतलेल्या अन्नापैकी सुमारे एक-तृतीयांश फेकलं जात होतं! त्यांच्या 2007 च्या 'लव्ह फूड हेट वेस्ट' मोहिमेतला सल्ला काय, तर आठवड्याचा बेत लिहा, घरात काय आहे ते बघून यादी करा, भात मोजून लावा. म्हणजे पुन्हा वूल्टनच, फक्त युद्ध वजा.

आपल्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालातला अंदाज माणशी वर्षाला 55 किलोचा आहे, फक्त घरातला. फोडणीची पोळी आपल्याला येते, पण ती उरल्यावरची विद्या झाली. आधी मोजायची विद्या मी आईला फोनवर विचारली, तर म्हणाली, "अरे, चौघांना दीड वाटी तांदूळ. आणि पोळ्या किती, हे कणीक भिजवायच्या आधी विचारायचं, नंतर नाही."