प्याला एक झाला, पाणवठा का झाला नाही?

नाताळ जवळ आला की दरवर्षी एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. "दोन भाकरींसाठी बाटले" हा त्याचा सूर. असा मजकूर कोण लिहितो आणि का लिहितो, हे आम्हाला ठाऊक आहे, त्याचे नवल वाटत नाही. नवल आणि दुःख याचे वाटते की तो पुढे ढकलणाऱ्यांत जयंतीला निळा झेंडा खांद्यावर घेणारी आपली पोरेही असतात. ज्यांच्या आजोबांनी १९५६ ला धर्म बदलला, त्यांनी दुसऱ्याच्या पणजोबाला धर्म बदलला म्हणून हसावे? म्हणून मित्रांनो, आज नगर जिल्ह्यातल्या छोट्या गावांतल्या चर्चचा इतिहास आपल्या नजरेने वाचू या. मिशनरींच्या अहवालातून नको आणि संघाच्या बौद्धिकातूनही नको.

नगरच का? (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण जुन्या कागदात अहमदनगर आहे आणि लोकांच्या तोंडी नगर.) कारण मराठी मुलखात महार समाजातून ख्रिस्ती झालेल्यांची सर्वांत दाट वस्ती इथली. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ साली नगरला आली. तिथून ती हळूहळू खेड्यांत पसरली. नेवासे तालुक्यातले वडाळा, मुळेकाठचे राहुरी ही त्यांची मोठी ठाणी. वडाळ्याला फेअरबँक साहेबांनी एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध काढला, राहुरीला डॉ. बॅलंटाईन यांचा दवाखाना होता. पण साहेब होते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मंडळी होती ती महारवाड्यातली.

आधी धर्मांतराचा रोजचा अर्थ काय होता ते समजून घ्या. येसकराची काठी, पाटलाचा निरोप, सरकारी टपाल, मेलेले जनावर ओढणे आणि बदल्यात बलुते व शिळी भाकर, हे महाराचे गावातले स्थान. मिशन गावात आले की महारवाड्याजवळ एक खोली उभी राही. सोमवार ते शनिवार ती शाळा, रविवारी तेच चर्च. माणूसही एकच. आठवडाभर तो 'मास्तर', रविवारी उपदेशक. बाप्तिस्मा घेणाऱ्याला मृतमांस सोडावे लागे, देवीच्या जत्रेतले काम सोडावे लागे, दारू सोडावी लागे. म्हणजे बाबासाहेबांनी महाडला सांगितलेल्या कितीतरी गोष्टी नगरच्या खेड्यांत आधीच सुरू झाल्या होत्या. आणि त्यांची किंमतही तीच. गावकी फिरली की बलुते बंद, जळण बंद, वाट बंद. भाकरीसाठी बाटला म्हणतात तो माणूस अनेकदा हातची भाकर घालवून बाटला होता!

दुष्काळाचे काय, असे कोणी विचारेल. विचारावेच. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात मंडळीची संख्या झपाट्याने वाढली, हे खरे आहे आणि लपवण्याचे कारण नाही. मिशनने धान्य वाटले, कामे काढली, अनाथ पोरे सांभाळली. पण प्रश्न उलटा विचारून पाहा. गावात पेव होते, सावकाराच्या घरी कणगी होती. मग महाराला भाकर साता समुद्रापलीकडच्या माणसाकडे का मागावी लागली? धर्म भाकरीला विकला गेला म्हणता, तर ती भाकर अडवून कोण बसले होते? शिवाय सगळीकडे भाकर द्या, बाप्तिस्मा घ्या असा सरळ सौदाही नव्हता. याच दुष्काळातला आंध्रातल्या ओंगोलचा दाखला प्रसिद्ध आहे. तिथल्या क्लाउ नावाच्या मिशनरीने मादिगा समाजाला कालव्याच्या खोदकामावर मजुरी मिळवून दिली, पण दुष्काळ चालू असेपर्यंत बाप्तिस्मे थांबवून ठेवले. धान्य वाटप संपल्यावर ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ लोकांनी बाप्तिस्मा घेतला. पोट हे एक कारण होतेच. पण पोटाच्या वर मान असते, तिचेही कारण होते.

ती मान कुठे वर होत होती? आमच्या मते उपदेशापेक्षा जास्त प्रभुभोजनात. या विधीत मंडळीतले सगळे एका भाकरीचा तुकडा खातात आणि जुन्या प्रथेप्रमाणे एकाच प्याल्यातून द्राक्षरस पितात. नगरच्या मंडळीत थोडे का होईना, ब्राह्मण घरांतून आलेले लोक होते. हरिपंत खिस्ती तर १८३९ सालचे. ज्या काळात महाराची सावली टाळायची, त्या काळात महाराने ओठ लावलेला प्याला पुढे ब्राह्मणाच्या ओठी जात होता. चवदार तळे १९२७ चे. हा प्याला त्याच्या कितीतरी आधीचा. ही गोष्ट लहान नाही.

शाळेचेही तसेच. जोतीराव फुल्यांनी नगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली होती आणि पुण्यात काम उभारताना ती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. १८४२ साली नगरलाच सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'ने १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापला. मुक्ता मिशनच्या नव्हे, फुल्यांच्या शाळेत शिकली. पण चौदा वर्षांच्या मांग मुलीचे शब्द छापणारा कागद त्या काळात तिथे मिळाला, हेही नोंदवले पाहिजे.

खेड्यातला उपदेश कसा असे? सुरुवातीचा चौकातला व्याख्यानी उपदेश रुक्ष होता, लोक ऐकून निघून जात. मग मंडळीनेच वाट काढली. महारवाड्यात भजन होतेच, चोखोबाचा वारसा होता, टाळ आणि मृदंग होता. १८६० नंतर नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. पूर्वरंग, आख्यान, मधूनमधून पदे, सगळे आपल्या चालीवर, फक्त आख्यान येशूचे. कृष्णराव सांगळे यांचे नाव त्या कीर्तनासाठी आजही घेतले जाते. पुढे १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, १९०० साली लक्ष्मीबाईंनी. काही वर्षे हे कुटुंब राहुरीत होते. टिळकांनी ओवी-अभंगात ख्रिस्त आणला आणि साहेबी वळणाच्या गाण्यांतून मराठी मंडळीची सुटका केली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे कसे गळत गेले ते 'स्मृतिचित्रे'त ज्या खरेपणाने लिहिले आहे, तितका खरेपणा मराठी आत्मचरित्रांत दुर्मीळ आहे.

पण इथेच आमचा पहिला आक्षेप. मराठी ख्रिस्ती म्हटले की पाठ्यपुस्तकाला आठवतात टिळक, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी. सगळी नावे वरच्या जातीतून आलेली. मैलोन् मैल चालत जाऊन पाटीवर अक्षर गिरवायला शिकवणारे महार मास्तर आणि घरोघर जाऊन वाचून दाखवणाऱ्या 'बायबल बायका' कुठे आहेत? देवळातून बाहेर पडलेला ब्राह्मण चर्चमध्ये संत होतो आणि महार तिथेही 'मंडळी'च राहतो. जात चर्चच्या दारात चपला काढून ठेवल्यासारखी बाहेर राहत नाही, ती मागल्या बाकावर येऊन बसते. महार आणि मांग यांच्यातली दरीही बाप्तिस्म्याने आपोआप बुजली नाही. सोयरीक जुळवताना आजही पूर्वीचा वाडा विचारला जातो, हे आमचे ख्रिस्ती मित्र खासगीत कबूल करतात.

दुसरा आक्षेप मोठा, आणि तो आमचा नव्हे, बाबासाहेबांचा आहे. १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. येवले नगरच्या सीमेला लागूनच. त्यानंतर सगळे धर्म बाबासाहेबांच्या दारी आले, ख्रिस्तीही आले. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर सविस्तर लिहिले आहे. त्यांचा मुद्दा असा: चर्च अस्पृश्याला सांगते की तुझी अवस्था तुझ्यातल्या पापामुळे आहे. म्हणजे दोष ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात, त्याला चिरडणाऱ्या समाजरचनेत नाही. असा उपदेश ऐकलेला माणूस गुडघे टेकतो, पण पाटलासमोर उभा राहत नाही. मिशनने पैसा ओतला तो वरच्या जातींच्या पोरांच्या कॉलेजांत आणि ज्यांनी खरोखर धर्म स्वीकारला ते खेड्यात राहिले, अशीही त्यांची तक्रार होती. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दलचा आदर मोकळेपणाने सांगितला. त्याच भाषणात त्यांनी हेही सुनावले की तुमचा समाज शिकला, पण अन्यायाविरुद्ध राजकीय लढ्यात उतरला नाही.

नगरच्या खेड्यावर हा आक्षेप ठेवून पाहा, चपखल बसतो. चर्चमधला प्याला एक झाला, पण बाहेरचा पाणवठा एक व्हावा म्हणून मंडळी रांगेने निघाली नाही. जिथे जमले तिथे मिशनने आपल्या आवारात विहीर खोदून दिली. सोय झाली, पण गावच्या विहिरीचा प्रश्न तसाच राहिला. समता चार भिंतींत आली आणि तिथेच थांबली. महाडला बाबासाहेबांनी केले ते नेमके याच्या उलट.

तरीही एक गोष्ट आम्हाला न्यायाने म्हटली पाहिजे. उपदेशक काय सांगतो आणि ऐकणारा काय ऐकतो, हे वेगळे असते. मिसर देशातल्या गुलामांना मोशेने बाहेर काढले, ही कथा येसकराने 'पापाची मुक्ती' म्हणूनच ऐकली असेल, असे आम्हाला वाटत नाही.

आता आजचे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात फक्त हिंदूंपुरती ठेवली. १९५६ ला त्यात शीख आले, १९९० ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नव्या धर्मातही तितकीच दाहक अवहेलना सोसावी लागते हे सिद्ध करा. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा अशी शिफारस केली, ती धूळ खात पडली. २०२२ ला पुन्हा न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. दरम्यान दलित ख्रिस्ती माणसाला गावात जातीवरून मारले तर त्याला अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही, कारण कागदावर त्याला जातच नाही. गावाला मात्र ती पक्की ठाऊक आहे.

याचा परिणाम आम्ही वर्गणी गोळा करत फिरताना डोळ्यांनी पाहिला. एकाच वस्तीत विहार आणि चर्च, मध्ये एक बोळ. एका घरातला चुलत भाऊ बौद्ध, त्याच्या पोराला अनुसूचित जातीचा दाखला आणि शिष्यवृत्ती. दुसरा दर रविवारी चर्चला जाणारा, त्याच्या पोराचे नाव शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू-महार' असे घातलेले, आणि बाप कायम धास्तीत की कोणी तक्रार केली तर? "आमचा देव खरा सांगितला तर पोराची फी बुडते," असे तो हळू आवाजात म्हणाला. आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने त्याला लबाड म्हटले. आम्हाला त्या कार्यकर्त्याची लाज वाटली. १९९० पर्यंत आपल्याही घरात केंद्राच्या सवलतीसाठी असेच दोन कागद होते, हे इतक्या लवकर विसरलो?

ख्रिस्ती बांधवांना आमचे सांगणे वेगळे आहे. मंचावर जात नाही म्हणायचे आणि आयोगासमोर जातीचा त्रास आहे म्हणायचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही. रविवारच्या उपदेशात जात हा शब्द उच्चारला गेला पाहिजे.

त्या वस्तीतल्या चर्चच्या वडील मंडळींशी आमचे बोलणे झाले आहे. धर्माची अट काढा, या मागणीचे निवेदन घेऊन येत्या रविवारी उपासना सुटल्यावर आम्ही चर्चच्या दारात उभे राहणार आहोत. विहारातली पोरे टेबल आणि खुर्च्या आणणार आहेत, चहा मंडळीकडून आहे. ज्यांना यायचे त्यांनी सकाळी अकरापर्यंत बोळात पोहोचावे.

जयभीम!