वाळलेली कुंडी फेकण्याआधी

हल्ली नर्सरीत जांभळ्या पानांची एक देखणी कुंडी विकायला असते. नाजूक दांडी, दांडीच्या टोकाला तीन त्रिकोणी पानं, जणू फुलपाखरंच येऊन बसली आहेत. संध्याकाळ झाली की ही पानं छत्रीसारखी मिटतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. नाव विचारलं तर नर्सरीवाला सांगतो, 'शॅमरॉक'. काही महिने ही कुंडी खिडकीत छान नांदते. मग एके दिवशी पानं पिवळी पडायला लागतात, दांड्या माना टाकतात आणि बघता बघता कुंडीत नुसती माती उरते. घरातली माणसं आधी जास्त पाणी घालतात, मग खत घालतात आणि शेवटी कुंडी उचलून कचऱ्यात टाकतात.

मी बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक झाडांची दुखणी माझ्याकडे घेऊन येतात. "सर, झाड मेलं का हो?" या प्रश्नाला या झाडाच्या बाबतीत माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. मेलं नाही, निजलंय. पण आज मला नुसती निगा सांगायची नाही, या झोपेमागचा इतिहासही सांगायचा आहे. कारण ज्या झोपेमुळे आपण ही कुंडी फेकून देतो, तिच्यातच या कुळाच्या जगभरच्या प्रवासाचं रहस्य आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. शॅमरॉक हे आयर्लंडचं चिन्ह. आयरिश भाषेतल्या 'शॅमरोग' या शब्दाचा अर्थ होतो लहानगा क्लोव्हर. क्लोव्हर म्हणजे तीन पानांचं एक गवताळ रोप. आपल्याकडची मेथी, गुरांना घालतात तो लसूणघास आणि बरसीम ही सगळी त्याचीच भावंडं. संत पॅट्रिक पाचव्या शतकात आयर्लंडमध्ये गेले आणि एकाच दांडीवरची तीन पानं दाखवून त्यांनी लोकांना ख्रिस्ती धर्मातलं त्रैक्य समजावलं, अशी आख्यायिका आहे. पण पॅट्रिक यांचं जे थोडंफार लेखन आज उपलब्ध आहे, त्यात या पानाचा उल्लेखही नाही. ही गोष्ट स्पष्टपणे लिहिलेली आढळते ती थेट १७२६ साली, केलेब थ्रेलकेल्ड यांच्या आयर्लंडच्या वनस्पतींवरच्या पुस्तकात. म्हणजे मध्ये जवळजवळ तेराशे वर्षं गेली!

त्याआधीच्या इंग्रजी लेखकांना शॅमरॉक ठाऊक होता तो वेगळ्याच कारणासाठी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एडमंड स्पेन्सर या कवीने आयर्लंडमधल्या मन्स्टर प्रांतातल्या युद्धाचं आणि उपासमारीचं वर्णन लिहून ठेवलं. हाडांचे सापळे झालेले लोक जिथे शॅमरॉक दिसेल तिथे मेजवानीवर तुटून पडावं तसे तुटून पडत, असं तो सांगतो. पुढे जे अभिमानाने कोटाला लावायचं चिन्ह झालं, ते तेव्हा भुकेल्यांचं खाणं होतं.

हे खाल्लं जाणारं पान नेमकं कुठलं, यावर पुढे वाद झाला. १८३० साली जेम्स बिचेनो या अभ्यासकाने मत मांडलं की खरा शॅमरॉक क्लोव्हर नसून ऑक्सॅलिस आहे. ऑक्सॅलिस म्हणजे आपल्या आंबुशीचं कूळ. कुंड्यांतून, विहिरीच्या कडेला आपोआप उगवणारी, इवल्या पिवळ्या फुलांची, आंबट चवीची आंबुशी आठवते ना? आयुर्वेदात तिला चांगेरी म्हणतात. ऑक्सॅलिस हे नावही 'आंबट' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं आहे.

या वादात डब्लिनचे निसर्ग-अभ्यासक नॅथॅनिएल कोलगन यांनी जे केलं, ते मला फार आवडतं. त्यांनी वाद घातला नाही. १८९२-९३ च्या सुमारास त्यांनी आयर्लंडच्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांना विनंती केली, की तुम्ही ज्याला खरा शॅमरॉक मानता, ते रोप मुळासकट पाठवा. आलेली रोपं त्यांनी मातीत लावली आणि फुलं येईपर्यंत वाट पाहिली, कारण नुसत्या कोवळ्या पानांवरून ओळख पटत नाही. फुलं आली तेव्हा दिसलं, की बहुतेक रोपं पिवळ्या आणि पांढऱ्या फुलांच्या क्लोव्हरची होती आणि ऑक्सॅलिस त्यांत एकही नव्हती. १९८८ साली चार्ल्स नेल्सन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हीच पाहणी पुन्हा केली. जवळपास शंभर वर्षांनंतरही पहिले दोन मान त्याच दोन क्लोव्हरना मिळाले.

मग आपल्या खिडकीतली कुंडी कोण? ती ऑक्सॅलिस, म्हणजे आयरिश मेथीची बहीण नव्हे, तर आंबुशीची बहीण. आणि ती आयर्लंडचीही नाही. जांभळ्या त्रिकोणी पानांची जात दक्षिण अमेरिकेतली, ब्राझील आणि त्याच्या शेजारच्या देशांतली. सेंट-हिलेर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली तिचं शास्त्रीय वर्णन केलं. चार पानांची आणि मध्ये तपकिरी फुली असलेली दुसरी जात मेक्सिकोची. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात नववर्षाला भाग्याचं लेणं म्हणून तिच्या छोट्या कुंड्या भेट देतात.

आता येऊ या झोपेकडे. अठराव्या शतकात युरोपातल्या राजेरजवाड्यांना दूरदेशीच्या झाडांचं वेड लागलं होतं. पण झाडं आणायची कशी? शिडाच्या जहाजांचा प्रवास महिनोन् महिने चाले. खारा वारा, गोड्या पाण्याची टंचाई, उंदीर. जिवंत रोपं बहुतेक वाटेतच मरत. हवाबंद काचेच्या पेट्यांतून रोपं नेण्याची युक्ती लंडनच्या डॉक्टर वॉर्ड यांनी यशस्वी करून दाखवली, ती १८३० नंतर. त्याआधी भरवशाचे प्रवासी दोनच. एक म्हणजे बी आणि दुसरा म्हणजे झोपलेला कंद. कांदे-बटाटे आपण पोत्यात भरून ठेवतो ना, तसे हे कंद कोरडेच ठेवता येत. ना माती हवी, ना पाणी, ना ऊन.

१७८६ साली सम्राट दुसरा जोसेफ याने व्हिएन्नाच्या शोनब्रून राजवाड्यातून फ्रान्झ बूस आणि गेऑर्ग शॉल या दोन बागवानांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप प्रांतात पाठवलं. बूस काही काळाने परतला. शॉल मात्र दहा वर्षांहून अधिक काळ तिथे राहिला आणि कंद, बिया, रोपं पाठवत राहिला. केपमध्ये ऑक्सॅलिसच्या जाती भरपूर. व्हिएन्नाचे निकोलाउस जाकँ यांनी १७९४ साली फक्त ऑक्सॅलिसवर एक मोठा ग्रंथ काढला, त्यात ८१ चित्रं आहेत. आंबुशीच्या कुळाला असा राजेशाही चित्रसंग्रह मिळाला, हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल.

या प्रवासातून बागवानांना एक धडा शिकावा लागला. झाड घड्याळ सोबत घेऊन येतं. केपमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा. म्हणून तिथली ऑक्सॅलिस हिवाळ्यात फुलते आणि उन्हाळाभर जमिनीत निजते. मेक्सिकोत साधारण जून ते ऑक्टोबर पाऊस, हिवाळा कोरडा. म्हणून चार पानांची जात थंडीत झोपते. ब्राझीलच्या जांभळ्या जातीची झोप तितकी वेळापत्रकाची नाही. फार उष्मा झाला किंवा माती फार कोरडी पडली की ती पानं आवरून घेते. कोणाला केव्हा पाणी द्यायचं, हे बागवानाला कळायचं असेल, तर झाडाच्या गावचा पाऊस ठाऊक हवा.

इथे एक फरक ध्यानात घ्या. पानं रात्री मिटतात ती झोप निराळी. चिंच, शिरीष, लाजाळूही तशी झोपतात. लिनियस यांच्या देखरेखीखाली १७५५ साली 'झाडांची झोप' या विषयावर प्रबंध लिहिला गेला. चार्ल्स डार्विन यांनी तर ऑक्सॅलिसची पानं टाचण्यांनी बुचावर उघडी टाचून थंडीच्या रात्री बाहेर ठेवली. मिटलेल्या पानांपेक्षा या जागत्या पानांना गारठ्याचा त्रास अधिक झाला, असं त्यांनी १८८० च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं. म्हणजे रात्रीची झोप पानाला वाचवते आणि ऋतूची झोप अख्ख्या झाडाला.

पण मग ब्राझीलच्या झाडाला आयर्लंडचं नाव चिकटलं कसं? उत्तर दुःखाचं आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला आणि महादुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि निदान तितकीच देश सोडून गेली, त्यांतली कितीतरी अमेरिकेला. या लोकांना १७ मार्चला, संत पॅट्रिकच्या दिवशी, घरात शॅमरॉक हवा असे. खरा क्लोव्हर हे उघड्या कुरणातलं रोप. बंद खोलीत ते नीट वाढत नाही. ऑक्सॅलिस मात्र खिडकीत खुशाल वाढते आणि तिलाही तीन पानं. फुलवाल्यांनी तिलाच शॅमरॉक म्हणून विकायला सुरुवात केली. शास्त्राच्या हिशेबाने हे चूक. पण गाव सुटलेल्या माणसाला शास्त्रीय नावाशी काय करायचं? त्याला आजीच्या कुरणातल्या पानासारखं काहीतरी खिडकीत हवं होतं. ते ब्राझीलच्या झाडाने पुरवलं, यात मला फसवणूक दिसत नाही. परक्या गावात एका परक्याने दुसऱ्याला दिलेली सोबत दिसते.

घोळ होतो तो नंतर. नाव आयर्लंडचं घेतलं, पण झोपेची रीत ब्राझीलची, ही गोष्ट कुंडीबरोबर कोणी सांगत नाही. १७ मार्चसाठी घेतलेली कुंडी पुढे उन्हाळ्यात माना टाकते आणि कचऱ्यात जाते.

खरं तर ही झोप आपल्याला परकी नाही. हळदीचा पाला वाळला म्हणून शेतकरी हळहळत नाही, जमिनीतलं धन तयार झालं असं समजतो. सुरणाचं तसंच. कळलावी पावसाळा सरला की दिसेनाशी होते. भुईचाफा तर उन्हाळ्याच्या अखेरीस पानांचा पत्ता नसताना थेट जमिनीतून फुलतो. आपल्या आजीला हे ठाऊक होतं. कुंडी विकत घेणाऱ्या नातवाला ते सांगायला हवं, एवढंच.

तर काय करायचं ते थोडक्यात सांगतो. पानं पिवळी पडू लागली की खत बंद करा आणि पाणी हळूहळू कमी करत थांबवा. पिवळी पानं लगेच कापू नका. पानातला जीवनरस कंदात उतरत असतो, तो उतरू द्या. पूर्ण वाळल्यावर कात्रीने काढा. कुंडी सावलीत, गार आणि वारा खेळेल अशा जागी ठेवा, पावसात नको. जांभळ्या जातीची माती अगदीच दगडासारखी होऊ लागली, तर महिन्यातून एखादा पाण्याचा शिपका पुरे. शंका आली तर बोटाने माती उकरून बघा. खवले असलेले छोटे कंद हाताला टणक लागले तर झाड जिवंत आहे. पिचपिचीत किंवा पोकळ लागले तरच आशा सोडा. बहुतेक वेळा त्यांना मारतं ते ऊन नव्हे, तर काळजीपोटी ओतलेलं पाणी.

ही झोप साधारण एक ते तीन महिन्यांची. कुंडीवर तारखेची चिठ्ठी लावून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी ती उचलून फेकणार नाही. आपल्याकडे ही जात बहुधा एप्रिल-मेच्या उष्म्यात निजते आणि हवा गार झाली की उठते. मातीतून आकड्यासारखे वाकलेले कोवळे कोंब दिसले की कुंडी उजेडात आणा आणि पाणी बेताबेताने सुरू करा. कंद वेगळे करून नव्या कुंड्या करायच्या, तर हीच वेळ. आणि एखाद्या वर्षी झाड झोपलंच नाही तर मुद्दाम झोपवू नका. पान मात्र आंबट लागतं म्हणून लहान मुलांना किंवा मांजराला खाऊ देऊ नका, कारण त्यातलं ऑक्सॅलिक आम्ल जास्त पोटात गेलं तर अपाय करतं.

शिडाच्या जहाजावर, अंधाऱ्या तळघरात, महिनोन् महिने थेंबभर पाण्यावाचून याच कुळातले कंद तग धरून राहिले होते. त्यामानाने आपल्या बाल्कनीचा कोपरा म्हणजे चैनच. तिथे त्यांना दोन महिने स्वस्थ पडू द्यावं आणि आपण तेवढी वाट पाहावी.