96 घोड्यांची छोटी गाडी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घोडदळ उभे राहते. पण घोड्यांचा आणखी एक इतिहास आहे. तो लढायांचा नसून यंत्रांचा आहे. अठराव्या शतकात वाफेच्या यंत्राची गिऱ्हाइके घोड्यांवर काम करून घेणारी होती. म्हणून जेम्स वॉटने यंत्राची ताकद घोड्यांत मोजून दाखवली आणि ते माप आजही चालू आहे. मी येथे सांगणार आहे ती फक्त 96 घोड्यांची कथा.

1970 च्या सुमारास अमेरिकेत ‘डॅटसन 521’ नावाची जपानी पिकअप गाडी मिळू लागली. पुढे छोटी बैठक, मागे उघडा हौदा. इंजिन ‘एल-16’, चार सिलिंडरांचे, 1595 घनसेंटिमीटरचे. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे 96 अश्वशक्तीचे. शेजारी धावणाऱ्या अमेरिकी पिकअपना सहा किंवा आठ सिलिंडर. हौदा भरून घाट चढू लागली की या धाकटीला धाप लागायची. मग मालकाने काय करावे? गाडी विकावी, की तिच्यातले झोपलेले घोडे जागे करावेत?

कॅलिफोर्नियाला हा दुसरा मार्ग नवा नव्हता. 1930 नंतरच्या दशकात तिथली पोरे जुन्या फोर्ड गाड्या उघडून इंजिने सुधारीत आणि म्युरॉकच्या सुकलेल्या तळ्यावर शर्यती लावीत. 1937 साली त्यांनी वेग मोजणारी रीतसर संस्थाही काढली. त्या पिढीची विद्या पुढे जपानी गाड्यांच्या कामी आली.

ती विद्या समजायला सोपी आहे. 1 किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. अडचण असते ती हवेची. म्हणून इंजिनाची बहुतेक औषधे ही श्वासाची औषधे आहेत. एका कार्बोरेटरऐवजी दोन बसवले की श्वास मोकळा होतो. धूर जाण्यासाठी प्रत्येक सिलिंडरला वेगळी लांब नळी दिली की उच्छ्वास सुटतो. हेड थोडे घासून दाब वाढवला तर तोच घास अधिक जोर देतो. मात्र मग पेट्रोलही वरच्या प्रतीचे लागते, नाहीतर इंजिन ठोके देऊ लागते. जपानमधल्या ब्लूबर्ड ‘एसएसएस’ मोटारीला कारखान्यानेच दोन कार्बोरेटर दिले होते. 1970 ची पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅली याच जातीच्या गाडीने जिंकली.

सर्वांत मोठे औषध तर घरातच निघाले. 1974 साली पिकअपला 1770 घनसेंटिमीटरचे ‘एल-18’ मिळाले आणि 1975 साली 1952 घनसेंटिमीटरचे ‘एल-20बी’. मी शाळेत इतिहासाबरोबर गणितही शिकवतो, म्हणून हिशेब करून पाहिला. एल-16 च्या सिलिंडरचा व्यास 83 मिलिमीटर, दट्ट्याची धाव 73.7; एल-20बी मध्ये व्यास 85, धाव 86. म्हणजे हवेची जागा सुमारे 22 टक्के वाढली! भाऊच असल्यामुळे मोठे इंजिन धाकट्याच्या जागी बसते. फक्त ते सुमारे 2 सेंटीमीटर उंच असल्याने बॉनेटखाली जागा जपावी लागते.

आकड्यांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. 1972 च्या सुमारास अमेरिकेत मोजण्याची रीतच बदलली. आधी पंखा, सायलेन्सर वगैरे ओझी काढून उघडे इंजिन मोजीत. नंतर ती सर्व लावून मोजू लागले. त्यामुळे 1970 चे 96 घोडे आणि 1975 चे 96 घोडे एकाच तबेल्यातले नव्हेत.

या इंजिनाच्या पोटात किती दम होता, ते शर्यतींनी दाखवले. पीटर ब्रॉक यांच्या चमूने एल-16 ची डॅटसन 510 घेऊन 1971 आणि 1972 अशी लागोपाठ दोन वर्षे ट्रान्स-ॲम स्पर्धेतील अडीच लिटरखालील विजेतेपद मिळवले. समोर आल्फा रोमिओसारखी घराणी होती. निस्सानचे अमेरिकेतील प्रमुख युताका काटायामा यांनी 510 ला 1600 चे इंजिन हवेच, असा हट्ट धरला होता. ‘जपानी म्हणजे स्वस्त आणि कच्चे’ हे मत मोडायला असा एक हट्ट उपयोगी पडला.

पण शर्यतीच्या गाडीमागे सारा चमू उभा असतो. पिकअपच्या मालकामागे त्याचे कुटुंब असते. 521 च्या चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. घोडे वाढवले आणि लगाम तोच ठेवला, तर उतारावर काय होईल हे सांगायला पंतोजी नको. म्हणून जाणता कारागीर आधी ब्रेक, क्लच आणि रेडिएटर पाहतो आणि मगच कार्बोरेटरला हात घालतो.

आज कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या नियमित तपासणीतून सूट आहे, आणि हौशी लोक त्या जुन्या पिकअप प्रेमाने जपतात. मला त्यांच्या वेगापेक्षा त्या कारागिरांच्या रीतीचे कौतुक अधिक वाटते. त्यांनी गाडीला चाबूक मारला नाही. तिचा श्वास कुठे अडतो ते शोधले. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या पोरांकडे पाहताना ही रीत मला फार उपयोगी पडते.