अल्बम रॉक : अमेरिकी नभोवाणीवरील उदय आणि उतरण

लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडचे ‘स्टेअरवे टू हेवन’ हे १९७१ सालचे गाणे सुमारे आठ मिनिटांचे आहे. अमेरिकेत त्याची सुटी तबकडी त्या काळी विक्रीस आलीच नाही. ज्याला ते घरी हवे असेल, त्याने संपूर्ण अल्बम विकत घ्यावा, असा मामला होता. तरीही एफएम नभोवाणीने ते घरोघरी पोहोचवले. आजही ते वाजते. मात्र त्या अल्बमची एक अख्खी बाजू सलग ऐकवणारे व्यावसायिक केंद्र आता शोधावे लागते. रॉकच्या जुन्या चाहत्यांमध्ये गेली अनेक वर्षे जो वाद रंगतो, त्याचे मूळ या फरकात आहे. गाणी उरली, अल्बम गेला. तो कोणी घालवला?

दीर्घकाळ वाजणारी तबकडी १९४८ साली बाजारात आली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले. त्याआधी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकांनाही राग आटोपता घ्यावा लागत असे, हे आपल्याकडील श्रोत्यांना सांगायला नको. रॉक संगीतकारांनी या नव्या अवकाशाचा खरा उपयोग १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात केला. त्याच सुमारास अमेरिकी दळणवळण आयोगाने मोठ्या शहरांतील एफएम केंद्रांना आपल्याच एएम केंद्राचे कार्यक्रम जसेच्या तसे पुनःप्रक्षेपित करण्यास बव्हंशी मनाई केली. एफएमला श्रोते कमी आणि जाहिराती त्याहून कमी होत्या. रिकाम्या वेळेत काय वाजवायचे, याची मालकांना फारशी फिकीर नव्हती. अल्बम रॉकचा जन्म असा आडवाटेने झाला.

एप्रिल १९६७ मध्ये टॉम डोनाह्यू यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स या केंद्रावर सूत्रे हाती घेतली. लोकप्रिय चाळीस गाण्यांचीच आवर्तने करण्याची एएमची रीत त्यांनी मोडली. निवेदक स्वतः गाणी निवडू लागला. रॉकला लागून ब्लूज, त्याला लागून जॅझ किंवा लोकसंगीत येऊ लागले. १९६८ मध्ये संपानंतर ही मंडळी केसॅन या केंद्रावर गेली. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमवर अॅलिसन स्टील रात्रीच्या निवेदिका म्हणून गाजल्या, तर बॉस्टनमध्ये डब्ल्यूबीसीएन उभे राहिले. एखाद्या केंद्राच्या पाठबळाने अनोळखी बँडचे नशीब उघडल्याचीही उदाहरणे आहेत. कॅनडाच्या रशला अमेरिकेत पहिला मोठा आधार १९७४ साली क्लीव्हलंडच्या डब्ल्यूएमएमएसने दिला, तोही सात मिनिटांच्या एका गाण्याच्या जोरावर.

चाहत्यांच्या आठवणीतील सुवर्णयुग ते हेच. पण त्याच्या ऱ्हासाची सुरुवात ते समजतात त्याहून बरीच आधी झाली. १९७० च्या दशकात ली एब्रम्स या तरुण सल्लागाराने श्रोत्यांच्या पाहण्यांवरून निवडक कलावंतांची यादी ठरवून देण्याची पद्धत रूढ केली. केंद्रांना श्रोते मिळाले, जाहिरातदार आले. निवेदकाच्या हातातील निवड मात्र कार्यालयात गेली. या यादीतून कृष्णवर्णीय कलावंत जवळजवळ नाहीसे झाले, जिमी हेंड्रिक्स हा ठळक अपवाद. ज्या संगीताचा पायाच ब्लूजवर आहे, त्याच्या केंद्रांनी असे करावे, याची खंत आजच्या विलापांत क्वचितच ऐकू येते. ती यायला हवी.

पुढे ‘सभागृह चाचणी’ आली. काही श्रोत्यांना मानधन देऊन एकत्र बसवायचे, शेकडो गाण्यांचे सात ते दहा सेकंदांचे तुकडे ऐकवायचे आणि प्रत्येकाला गुण द्यायला लावायचे, अशी ही रीत. आठ मिनिटांत हळूहळू उलगडणारी रचना दहा सेकंदांत कशी पारखणार? अर्थातच ओळखीची गाणी उत्तीर्ण होतात आणि उरलेली बाद. यादी आक्रसत काही शेकड्यांवर येते. केंद्रचालकांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. अनोळखी गाणे लागताच श्रोता केंद्र बदलतो, असे त्यांना आकडे सांगतात, आणि जाहिरातीचे दर त्या आकड्यांवर ठरतात. बहुतेक जाहिरातदारांना २५ ते ५४ वयोगट हवा असतो. १९७१ मध्ये सतरा वर्षांचा असलेला चाहता आज सत्तरीपलीकडे गेला आहे. त्यामुळे ‘क्लासिक रॉक’ म्हणवणाऱ्या केंद्रांवर आता निर्वाणा आणि पर्ल जॅम वाजतात व साठच्या दशकातील गाणी मागे सरतात.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत, यावरील मर्यादा उठवली. त्या वेळी चाळीसच्या आसपास केंद्रे असलेल्या क्लिअर चॅनेलकडे काही वर्षांतच बाराशेच्या घरात केंद्रे जमली. एकाच निवेदकाचा मुद्रित आवाज अनेक शहरांत ‘स्थानिक’ म्हणून वाजू लागला. डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमने १९९९ मध्ये रॉक सोडले आणि डब्ल्यूबीसीएन २००९ मध्ये बंद झाले. या खरेदीच्या कर्जाने कंपन्यांनाही सुखाने जगू दिले नाही. क्लिअर चॅनेलने पुढे आयहार्टमीडिया हे नाव घेतले आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

दुसऱ्या गटातील चाहते म्हणतात, रडायचे कशाला? प्रत्येक अल्बम आता इंटरनेटवर संपूर्ण मिळतो. हे खरेच आहे. शिवाय अल्बमचा क्रम जपण्याची तळमळ जुन्यांपुरती नाही. २०२१ मध्ये गायिका अडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर गाणी उलटसुलट वाजवणारे बटण आपोआप पुढे येणे बंद केले. पण उपलब्ध असणे वेगळे आणि कोणीतरी मध्यरात्री ‘हे ऐका’ म्हणून समोर ठेवणे वेगळे. माहीत नसलेली गोष्ट शोधणार कशी, या प्रश्नाला दुसऱ्या गटाकडे समाधानकारक उत्तर नाही.

न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयूसारखी, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारी काही केंद्रे निवेदकाला अजून मोकळीक देतात. व्यावसायिक केंद्रांवर ती अखेरपर्यंत जपणाऱ्यांत लॉस एंजेलिसचे जिम लॅड यांचे नाव घेतले जाते. टॉम पेटी यांच्या २००२ सालच्या ‘द लास्ट डीजे’ या अल्बमच्या शीर्षकगीतामागे त्यांचीच प्रेरणा असल्याचे सांगतात. केएलओएस या केंद्राची मालकी बदलली तेव्हा, २०११ मध्ये, लॅड यांची नोकरी गेली. त्यानंतर ते उपग्रह नभोवाणीच्या ‘डीप ट्रॅक्स’ या वाहिनीवर स्वतः निवडलेली गाणी वाजवत राहिले, डिसेंबर २०२३ मधील निधनापर्यंत. ती वाहिनी ऐकायला वर्गणी भरावी लागते.